दादाचं आधार घ्या आणि बोटीवर चढा

वय 20 आहे? काही हरकत नाही. पणजीच्या कॅसिनो बोटीवर 21 पूर्ण लागतात हे खरं, पण घरात मोठा भाऊ असतोच की, त्याचं आधार खिशात टाका, नाहीतरी आधारवरच्या फोटोत सगळे सारखेच फरार दिसतात. गोंयकार असाल तर 1 फेब्रुवारी 2020 पासून तुम्हाला आत बंदी, फक्त टुरिस्ट चालतो, मग बेळगावच्या मामाचा पत्ता द्या आणि काउंटरवर चुकूनही कोकणी बोलू नका.

आत गेलात की बिनधास्त हरा. हरणाऱ्याला कोणी वय विचारत नाही, गाव विचारत नाही, उलट वेटर अदबीने सर सर करतो. पथ्य एकच, जिंकायचं नाही. मोठी रक्कम लागली की 30 टक्के टीडीएस कापायचा म्हणून पॅन मागतात, आणि दादाचं पॅन नेमकं घरी राहिलेलं असतं.

1987 ला लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये एका 19 वर्षांच्या पोराला स्लॉट मशीनवर दहा लाख डॉलरच्या वर जॅकपॉट लागला होता. नेवाडात 21 च्या आत खेळणंच बेकायदा, सबब पैसे नाहीत. पोरगा कोर्टात गेला, तिथेही हरला. त्याने आधी मशीनला चारलेली नाणी मात्र सज्ञान असावीत, त्यांच्याबद्दल कॅसिनोने हरकत घेतल्याचं काही ऐकलं नाही बुवा.

तुम्ही म्हणाल आपणही केस ठोकू. ठोका की! आपल्याकडे 1872 चा करार कायदा आहे, कलम 30, पैजेचा करार रद्दबातल आणि जिंकलेल्या पैशासाठी दावा करता येत नाही. यात वय, गाव, आधार काही विचारलेलंच नाही, म्हणजे तुम्ही खरेखुरे 21 चे टुरिस्ट असतात तरी हे कलम आडवं आलंच असतं. सूट आहे ती घोड्यांच्या शर्यतीतल्या 500 रुपये आणि वरच्या बक्षिसांना, इंग्रजांचा जीव घोड्यात, दुसरं काय. आणि इन्कम टॅक्सवाल्यांना मात्र हा रद्दबातल पैसा व्यवस्थित दिसतो.

राहिला गोव्याचा गेमिंग कमिशनर. त्याच्याकडे तक्रार जरूर करा, फक्त अर्जात बोटीवर कुठल्या नावाने चढलात ते जरा गिचमिड अक्षरात लिहा. सोबत वकील घ्या. फी तो आगाऊच मागेल, त्याला कलम 30 पाठ आहे.