छाती मोकळी ठेवा

नवीन कात्रज बोगदा संपला की नवले पुलापर्यंत उतारच उतार. इथे गाडी न्यूट्रलला टाकावी. डिझेल वाचतं म्हणे. ब्रेक तापून लागेनासे झाले तरी काळजी नको, पुढे कुणाची ना कुणाची गाडी असतेच. सीटबेल्टने शर्टाची इस्त्री मोडते. गाडी फारच टुणटुण करत असेल तर बेल्टच्या खाचेत बसणारी नुसती क्लिप मिळते. ती घालून गाडीला फसवा. मागच्या सीटवरच्यांना बेल्टचं नावही काढू नका, सीट कव्हरखाली गेलेले आहेत ते. आणि एअरबॅग आहेच की! ती बेल्टच्या जोडीने काम करण्यासाठी असते, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, पण ते वाचतो कोण?

छातीचं हाड स्टिअरिंगवर आपटतं, त्याच्या लगेच मागे हृदयाचा उजवा भाग असतो. तो फाटला तरी बाहेर थेंबभर रक्त दिसेलच असं नाही. हृदयाभोवतीची पिशवी चिवट, झटकन ताणत नाही. तीत १००-२०० मिलिलीटर रक्त, म्हणजे अमृततुल्यातले दोन-तीन कप, भराभर साठलं की हृदयाला फुलायला जागाच उरत नाही. रक्तदाब घसरतो, मानेच्या शिरा टरारतात, ठोके अस्पष्ट होतात. क्लॉड बेक या सर्जननी १९३५ मध्येच या खुणा सांगून ठेवल्यात. तुम्ही मात्र 'मला काही झालेलं नाही' म्हणत उतरा आणि बंपरच्या भरपाईवरून वाद घाला.

बघ्यांनी व्हिडिओ काढावा, १०८ला फोन दुसरं कुणीतरी करेल. मदत करताना काही चुकलं तरी कारवाईपासून संरक्षण देणारं कलम मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलंय, पण पोलिसांची झंझट नको ना! रुग्णवाहिकेला वाट देऊ नये. दिलीच तर तिच्या मागे गाडी लावून सिग्नल पार करावा.

एवढं करूनही कुणी ऑपरेशन टेबलापर्यंत जिवंत पोचलाच, तर डॉक्टर पोटा-छातीची सोनोग्राफी करतात. रक्त दिसलं की छाती उघडतात, पिशवी कापून गुठळ्या काढतात, भोकावर बोट दाबून धरतात आणि धडधडत्या हृदयाला टाके घालतात. दोऱ्याने स्नायू चिरू नये म्हणून टेफ्लॉनचे तुकडे लावतात. फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन यांनी भोसकलेल्या हृदयाला टाके घातले ते १८९६ साली. नातेवाइकांनी मात्र अजिबात दबून जाऊ नये. संमतीपत्र सावकाश वाचावं, कोथरूडच्या मावसभावाला फोन लावावा आणि सही करण्याआधी विचारावं, 'गोळ्यांनी नाही का हो भागणार?'