ड्रुइड म्हणजे द्रविड नव्हेत, आणि त्यांचा डिसेंबरचा सण म्हणजे आपली संक्रांत नव्हे

२१ जून जवळ आला की आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज न चुकता उगवतो. यंदा काकांनी टाकला. वर स्टोनहेंज या इंग्लंडमधल्या प्राचीन दगडी वर्तुळातल्या सूर्योदयाचा फोटो, पांढऱ्या झग्यातली चार माणसं, आणि खाली मजकूर: इंग्लंडचे ड्रुइड म्हणजे आपले द्रविड ब्राह्मण. स्टोनहेंज त्यांनीच बांधलं. ते शाकाहारी होते, ओंकार म्हणत. वर्षाचे आठ सण ते पाच हजार वर्षं अखंड पाळत आले आहेत, आणि त्यातला डिसेंबरचा सण म्हणजे आपली मकर संक्रांत. अभिमान वाटला तर पुढे पाठवा.

मी पुढे पाठवला नाही. ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचे पुरोहित, आणि आज त्यांचं नाव घेऊन सण करणारी मंडळीही. मी इंग्लंडमधल्या रेडिंगला राहतो. तिथून गाडीने तासाभरावर एव्हबरी हे प्राचीन दगडी वर्तुळाचं गाव आहे, आणि तिथल्या ड्रुइडांच्या सणाला मी दोनदा जाऊन आलोय. म्हणून काकांचा मान राखून एकेक मुद्दा घेतो.

'ड्रुइड म्हणजे द्रविड.' शब्द केल्टिक आहे, आणि भाषेचे अभ्यासक त्याची फोड साधारण 'द्रु' अधिक 'विद्' अशी करतात. विद् म्हणजे जाणणं, हे सांगायला नको. द्रु म्हणजे झाड. आपला द्रुम आणि देवदारातला 'दारु', म्हणजे लाकूड, हे त्याचे नातलग. झाड जाणणारा म्हणायचं की झाडासारखं पक्कं ज्ञान असलेला, एवढाच वाद. म्हणजे संस्कृतशी नातं आहेच, कारण केल्टिक भाषा आणि संस्कृत एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. पण 'द्रविड' हा शब्द जोडला जातो 'तमिळ'शी, आणि तमिळचं कुळच वेगळं. सोयरीक खरी होती, मेसेजवाल्याने मांडव भलत्याच दारी घातला.

शिवाय ड्रुइड भारतातून आले ही कल्पना आपलीही नाही. गॉडफ्रे हिगिन्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८२०च्या दशकात ती तपशिलाने मांडली होती. दोनशे वर्षांपूर्वीचा तो इंग्रजी तर्क आज आपल्याकडे स्वदेशी अभिमान म्हणून फिरतोय.

'स्टोनहेंज त्यांनीच बांधलं.' तिथले मोठे दगड उभे राहिले ते साधारण इसवी सनापूर्वी २५०० मध्ये. ड्रुइडांची सविस्तर माहिती देणारा ज्युलियस सीझर ब्रिटनमध्ये उतरला इसवी सनापूर्वी ५५ मध्ये. मधली जवळजवळ अडीच हजार वर्षं कोणी भरायची? सतराव्या शतकात जॉन ऑब्रीने 'हे ड्रुइडांचं असावं' असा अंदाज केला, अठराव्यात विल्यम स्टुकलीने तो लोकांच्या डोक्यात पक्का बसवला. तिथली मांडणी जूनच्या उगवतीच्या रेषेत आहे याचं सगळ्यांना कौतुक, पण तीच रेषा उलट दिशेला डिसेंबरच्या मावळतीकडे जाते. जवळच्या ड्युरिंग्टन वॉल्सला, त्याच काळातल्या वस्तीच्या जागी, डुकरांचे दात सापडले. त्यावरून बरीच डुकरं नऊएक महिन्यांची असताना, म्हणजे ऐन हिवाळ्यात, कापली गेली असं दिसतं. बांधणारे लोक मेजवानीला थंडीत जमत असावेत.

'शाकाहारी' हा मुद्दा त्या डुकरांवर ढकलत नाही, कारण ती मंडळी ड्रुइड नव्हतीच. ड्रुइडांपुरतं रोमन लेखक प्लिनी सांगतो: पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड चंद्राच्या सहाव्या दिवशी ओकच्या झाडावर चढतो, सोन्याच्या विळ्याने मिसलटो नावाचं बांडगूळ कापतो, आणि मग दोन पांढऱ्या बैलांचा बळी देतात. सीझर तर नरबळीचं लिहितो. तो शत्रुपक्षाचा माणूस, त्याचं किती मानायचं हा प्रश्न आहे. पण शाकाहार कुठून आणला ते मेसेजवाल्यालाच ठाऊक. सीझरच्याच लिखाणात एक गोष्ट आपल्या ओळखीची सापडते: ड्रुइड आपली विद्या लिहून ठेवत नसत, तोंडपाठ करत, आणि काहींना त्यासाठी वीस वर्षं लागत. घनपाठी ब्राह्मण आठवावा अशी गोष्ट! ती मात्र मेसेजमध्ये नाही.

आता मुख्य दावा: 'आठ सण, पाच हजार वर्षं, अखंड.' मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, कारण खरी हकिकत याहून कितीतरी रंगतदार आहे.

आठांपैकी चार सण जुने आहेत. मध्ययुगीन आयरिश लिखाणात त्यांची नावं येतात: नोव्हेंबरच्या सुरुवातीचा साउइन, फेब्रुवारीचा इम्बोल्क, मेचा बेल्टेन, ऑगस्टचा लूनासा. हे गुराख्यांचे नि शेतकऱ्यांचे सण. इम्बोल्क म्हणजे मेंढ्यांना दूध उतरतं ते दिवस. बेल्टेनला गुरं दोन जाळांच्या मधून हाकत, रोगराई लागू नये म्हणून. साउइनला उन्हाळी कुरणं सोडून खाली यायचं. उरलेले चार, म्हणजे दोन अयनं (सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस) आणि दोन संपात (दिवस-रात्र सारखे होतात ते दिवस), सूर्यावर बेतलेले. आठही एका माळेत ओवून कोणी प्राचीन केल्ट पाळत होता याला पुरावा नाही.

सूर्याच्या चार सणांची जी वेल्श नावं आज ड्रुइड वापरतात, आल्बान एइलिर, आल्बान हेविन वगैरे, ती चलनात आणली योलो मॉर्गनग याने. मूळचा एडवर्ड विल्यम्स, ग्लॅमॉर्गनचा पाथरवट, कवी, अफूच्या अर्काचा व्यसनी, आणि बनावट जुनी हस्तलिखितं तयार करण्यात असा तरबेज की विद्वानांना ती पकडायला विसावं शतक उजाडलं. १७९२ च्या जूनमध्ये त्याने लंडनच्या प्रिमरोझ हिलवर लहान दगडांचं वर्तुळ मांडून आपला पहिला ड्रुइडी समारंभ केला. त्या कल्पनेतून निघालेला सोहळा वेल्सच्या राष्ट्रीय काव्यसंमेलनात आजही थाटात होतो, आणि तो नंतरचा आहे हे ठाऊक असूनही लोक डोळे पुसतात.

माळ पूर्ण झाली ती विसाव्या शतकात. जेराल्ड गार्डनर या इंग्रजाने विक्का हा जादू आणि निसर्गपूजेचा नवा पंथ उभा केला. त्याचा मित्र रॉस निकोल्स कवी आणि शिक्षक होता, ड्रुइड मंडळात होता. १९५०च्या दशकाच्या शेवटी गार्डनरकडे आठ सणांचं चक्र रुळलं. निकोल्सने १९६४ मध्ये स्वतःचा वेगळा ड्रुइड संघ काढला तेव्हा जुन्या मंडळाच्या सूर्यसणांना हिवाळी अयन आणि ते चार आयरिश सण जोडले. म्हणजे हे चक्र माझ्या काकांपेक्षा लहान आहे. काका १९५२ चे.

अमेरिकेतली शाखा आणखी मजेदार. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात धार्मिक उपासनेला हजेरी सक्तीची होती. १९६३ मध्ये काही विद्यार्थ्यांनी त्याला वळसा घालायला 'आम्ही ड्रुइड' म्हणत टेकडीवर आपलीच उपासना सुरू केली. वर्षभरात सक्ती गेली. उपासना राहिली.

नवं म्हणजे खोटं, असं मी म्हणत नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रा डोंबिवलीत सुरू झाल्या तेव्हा मी शाळा सोडून बाहेर पडलो होतो. त्यात नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या माझ्या बहिणीला कोणी 'हे प्राचीन आहे का' विचारलं तर ती हॉर्न मारेल.

'डिसेंबरचा सण म्हणजे मकर संक्रांत.' इथे काका, पंचांग काढा. ड्रुइड २१-२२ डिसेंबरला जे करतात ते हिवाळी अयनाच्या खऱ्या दिवशी, सूर्य दक्षिणेची हद्द गाठून वळतो तेव्हा. आपण निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने केलेल्या, गणिताने १४-१५ जानेवारीला तीळगूळ वाटतो. दोन्हींत आता चोवीसेक दिवसांचं अंतर पडलंय, कारण पृथ्वीच्या आसाच्या डुलण्यामुळे दर बहात्तर वर्षांनी साधारण एक दिवस सरकतो. सतराशे वर्षांमागे दोन्ही एकत्र पडत. तेव्हा कल्पना जवळच्या आहेत म्हणा, पण एकच सण म्हणू नका. शिवाय आपल्या सहा ऋतूंतला वर्षा त्यांच्या चक्रात कुठेच नाही. कसा असणार? इथे पाऊस बारा महिने पिरपिरतो, त्याचा सण कोण करेल!

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचे बरेच ड्रुइड तर चक्र उलटं फिरवतात. मेच्या आरंभी साउइन, नोव्हेंबरच्या आरंभी बेल्टेन. बाहेर पानगळ असताना फुलांचा सण करायचा कसा, इतका साधा हिशेब.

राहिला 'ओंकार'. ही चूक मात्र मला समजते, कारण पहिल्या खेपेला मीही चकलो. एव्हबरीला मार्चचा संपात होता. त्या वर्तुळाच्या आतच अर्धं गाव आहे, पब आहे, दगडांमधून मेंढ्या चरतात. त्यामुळे पांढऱ्या झग्याखाली बहुतेकांचे गमबूट, आणि गमबुटांना लेंड्या. आधी चार दिशांकडे तोंड करून शांतता मागितली. मग सगळ्यांनी हात धरले आणि तीनदा लांब सूर लावला: आ... ऊ... एन. माझ्या अंगावर काटा आला. पण शब्द 'अवेन', वेल्श, अर्थ काव्यस्फूर्ती. नवव्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात एका वेल्श कवीच्या संदर्भात तो येतो. प्रतिभा म्हणा हवं तर. ओम् नव्हे.

नंतर पाव आणि मधाची दारू फिरली. प्रत्येक जण आधी थोडं जमिनीवर टाकत होता. शेजारच्या बाईंनी पाव माझ्याकडे देताना विचारलं, तुमच्याकडे याच सुमाराला काय असतं? मी पाडव्याचं सांगितलं. गुढी, श्रीखंड, आणि सकाळी उठून आधी कडुनिंबाची कोवळी पानं खायची, कारण चैत्रात झाडाला नवी पालवी फुटलेली असते.

"मग इथे ते झाड कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"झाड नाही," मी म्हटलं. "पानं साउथहॉलच्या दुकानात मिळतात."