स्प्रिंग कसल्याने ठोका जोरात बसत नाही

ड्रम शिकणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. ‘बास ड्रमचे पेडल घेण्यापूर्वी हे वाचाच’ असा त्याचा मथळा आहे आणि खाली नावाच्या जागी ‘एक अनुभवी वादक’ एवढेच लिहिलेले आहे. बास ड्रम म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम; पेडल दाबले की त्याचा बीटर, म्हणजे ठोका मारणारा दांडा, ड्रमच्या हेडवर, म्हणजे ताणलेल्या पडद्यावर, आदळतो. संदेशातले दावे थोडक्यात असे: चेनचे, म्हणजे साखळीने बीटर फिरवणारे, पेडल कालबाह्य झाले असून डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे साखळीऐवजी ताठ दांडी, हे नवे तंत्र आहे; पहिल्या दिवसापासून डबल पेडलच, म्हणजे एकच ड्रम दोन्ही पायांनी वाजवायचे पेडलच, घ्यावे, नाहीतर डावा पाय ‘कायमचा मेलेला’ राहतो; स्प्रिंग शेवटपर्यंत कसावी, कारण धनुष्याची दोरी जितकी ताणाल तितका बाण जोरात जातो; पेडल जितके महाग तितका वेग जास्त; नमद्याचा बीटर पोरांसाठी आणि लाकडाचा व्यावसायिकांसाठी; आणि पेडल ड्रमच्याच कंपनीचे हवे.

बहिणीने हा संदेश मला पाठवला तेव्हा त्याखाली एकच ओळ होती: ‘दादा, हे खरे असेल तर साठ हजार कुठून आणू?’ पैशांचा प्रश्न एक वेळ बाजूला ठेवता आला असता, पण माझी चौदा वर्षांची भाची तोवर स्प्रिंगचा मुद्दा अमलात आणून मोकळी झाली होती. पेडलच्या खांबाला असलेल्या लांब बोल्टवर स्प्रिंगचा ताण ठरवणारी एक चकती असते आणि ती सरकू नये म्हणून खाली एक लॉक नट असतो. या मुलीने ती चकती बोल्टचे आटे संपेपर्यंत खाली नेली होती, आणि पोटरी भरून येते ही तक्रार ती सरावाचाच भाग म्हणून सोसत होती, कारण संदेशात ‘सुरुवातीला दुखेल, तोच व्यायाम’ असेही लिहिले होते. म्हणून क्रम सोडून आधी याच मुद्द्याकडे वळतो.

धनुष्याची उपमा मुळातच उलटी लावलेली आहे. धनुष्यात ताणलेली दोरी बाणाला लक्ष्याच्या दिशेने ढकलते, तर पेडलमध्ये ताणलेली स्प्रिंग बीटरला ड्रमपासून मागे खेचते. फूटबोर्ड, म्हणजे पाय ठेवायची पट्टी, दाबले की साखळी किंवा दांडी वरच्या कॅमला, म्हणजे आसेवरच्या चाकाला, फिरवते, त्यासोबत आस फिरते, बीटर पुढे जातो आणि त्याच वेळी दुसऱ्या टोकाला स्प्रिंग ताणली जाते. बीटर हेडच्या जितका जवळ जातो तितका स्प्रिंगचा विरोध वाढत जातो आणि ऐन ठोका बसण्याच्या क्षणी तो सर्वाधिक असतो. म्हणजे चकती खाली नेऊन तुम्ही ठोक्यात बळ घालत नाही, तर आपल्याच पायापुढे अडथळा उभा करता. आवाज किती मोठा येणार हे बीटर हेडवर किती वेगाने आदळतो आणि त्याचे वजन किती आहे यावर ठरते, आणि तो वेग पायातून येतो. टाच टेकवून वाजवणाऱ्याला हा सगळा जादा ताण घोटा आणि पोटरी यांच्या जोरावर जिंकावा लागतो, त्यामुळे भाचीची पोटरी दुखली यात नवल काही नाही. दुखण्याला व्यायाम म्हणणे हा मात्र निव्वळ बेजबाबदारपणा आहे, कारण वाढत्या वयातल्या मुलांना दुखले की थांबायला शिकवायचे असते.

यात अर्धे सत्य आहे, तेही सांगून टाकतो. घट्ट स्प्रिंग बीटरला लवकर परत आणते आणि फूटबोर्ड तळव्याला पटकन भेटते, म्हणून टाच उचलून, मांडीचे वजन टाकून जलद वाजवणारे काही प्रौढ वादक स्प्रिंग बरीच कसतात. तो त्यांच्या पायाच्या वजनाचा आणि सवयीचा हिशेब आहे. शिकणाऱ्याने ताण मध्यम ठेवून एवढेच पाहावे की पाय नुसता ठेवल्याने बीटर आपोआप हेडला जाऊन टेकत नाही, आणि ठोका मारून पाय सैल सोडल्यावर फूटबोर्ड तळव्यासोबत वर येते. या दोन्ही गोष्टी जमल्या की लॉक नट घट्ट करावा आणि चकतीला पुन्हा हात लावू नये.

आता ‘नव्या’ डायरेक्ट ड्राइव्हविषयी. बास ड्रमच्या पेडलला आजचे रूप देणाऱ्यांत ज्यांचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागते त्या विल्यम लुडविग यांनी १९०९ साली शिकागोत भावासोबत पेडल बनवण्याचा कारखाना काढला, आणि पुढे १९३७ मध्ये त्यांच्याच नव्या कंपनीने स्पीड किंग नावाचे पेडल आणले. त्यात फूटबोर्ड आणि वरची आस यांना जोडणारी धातूची ताठ दांडी होती, म्हणजे ते डायरेक्ट ड्राइव्हच होते. ज्याला हा अनुभवी वादक उद्याचे तंत्र म्हणतो, ते त्याच्या आजोबांच्या काळातले निघावे ही गंमतच म्हणायची. चेनला ‘ढिलाई’ असते हा त्याचा आक्षेपही तपासून पाहण्यासारखा आहे. ठोका मारताना साखळीला एका बाजूने पाय खाली ओढत असतो आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंग वर ओढत असते, त्यामुळे ती ताणलेलीच राहते. ताठ दांडीमुळे पायाला बीटरची हालचाल अधिक थेट जाणवते हे मला मान्य आहे आणि ज्यांना ती जाणीव आवडते त्यांनी तसे पेडल जरूर घ्यावे. परंतु दोन पेडलांमध्ये पायाला जो फरक वाटतो, त्यातला मोठा भाग कॅमच्या आकाराचा असतो, आणि संदेशात कॅमचा उल्लेखसुद्धा नाही. कॅम गोल असेल तर पाय आणि बीटर यांचे प्रमाण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखे राहते. तो लंबगोल किंवा केंद्र सरकवलेला असेल तर ठोक्याच्या शेवटाकडे बीटर झपाट्याने पुढे जातो. शिकणाऱ्याला गोल कॅम बरा, कारण पाय जेवढे करतो तेवढेच ऐकू येते.

डबल पेडलचा मुद्दा खिशाला सर्वांत महाग पडणारा आहे. लेड झेपलिन या रॉक बँडचा १९६९ सालचा पहिला अल्बम काढावा आणि त्यातले पहिलेच गाणे लक्ष देऊन ऐकावे. त्यांचा ड्रमवादक जॉन बोनम याच्या किकचे, म्हणजे बास ड्रमचे, ते भराभर येणारे ठोके ऐकून अनेकांना दोन पाय किंवा दोन ड्रम वाटतात, पण ते एका उजव्या पायाने आणि एकाच पेडलवर वाजवलेले आहेत. बोनमचे पेडल होते तेच स्पीड किंग. डबल पेडल बाजारात रुळले ते १९८० च्या दशकात. त्याआधी ज्यांना दोन्ही पायांनी किक वाजवायची होती ते लुई बेलसनसारखे वादक सरळ दोन बास ड्रम मांडत. मेटल वाजवायचे असेल तर डबल पेडल लागते, याबद्दल वाद नाही, मात्र ते केव्हा घ्यायचे हा प्रश्न वेगळा आहे. डावा पाय ‘मेलेला’ राहतो म्हणणाऱ्याने हाय-हॅट, म्हणजे डाव्या पायाने उघडझाप करायची झांजांची जोडी, कधी पायाने वाजवलेच नसावे. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाय-हॅट पायाने बंद करत उजव्या पायाने किक आणि हातांनी ताल धरून दाखवा, म्हणजे डाव्या पायाला किती काम असते ते कळेल. शिवाय डबल पेडलमध्ये डावीकडचे फूटबोर्ड एका आडव्या दांड्याने उजवीकडच्या दुसऱ्या बीटरशी जोडलेले असते आणि स्वस्त पेडलमध्ये त्या दांड्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांत खेळ, म्हणजे ढिलेपणा, असला की डावा ठोका मागे पडतो. मूल मग त्या ढिल्या सांध्याची भरपाई करायला शिकते आणि पुढे चांगले पेडल मिळाले की सगळे पुन्हा विसरावे लागते. एकेरी पेडल नीट हातात, म्हणजे पायात, बसल्यावर डबल घेण्यात काहीच उशीर झालेला नसतो.

उरलेले मुद्दे फार वेळ घेण्याच्या लायकीचे नाहीत. महाग पेडल वेग देत नाही. ते टिकते, कमी डुगडुगते आणि त्यात जुळवून घेण्याच्या सोयी जास्त असतात, आणि अगदीच हलक्या पेडलपेक्षा खाली पक्की पट्टी असलेले पेडल घ्यावे एवढा त्यातला खरा भाग. बोनमचे पेडल तर १९७० च्या अल्बममधल्या एका संथ ब्लूज गाण्यात चक्क कुरकुरताना ऐकू येते, तरी त्या वादनाला कोणी नावे ठेवलेली नाहीत. लाकडाच्या बीटरचा आवाज टोकदार येतो आणि नमद्याचा गोलसर. दोन्ही व्यावसायिकच वापरतात, फक्त लाकडी बीटर घेतलात तर हेडवर तो आदळतो त्या जागी संरक्षक चकती चिकटवा. पेडल ड्रमच्याच कंपनीचे हवे हा दावा कोणाच्या फायद्याचा आहे ते सांगायला नको. पेडल ड्रमच्या कड्याला शिकंजाने धरते आणि जवळपास कोणतेही पेडल कोणत्याही बास ड्रमच्या कड्याला बसते.

बहिणीला जे सांगितले ते इथेही लिहितो. पेडल दुकानात हातात घेऊन नव्हे तर खऱ्या बास ड्रमला लावून, आपल्या उंचीच्या स्टुलावर बसून आणि नेहमीचे बूट घालून किंवा अनवाणी, जसे वाजवता तसेच वाजवून पाहावे. बीटर हाताने हेडपर्यंत नेऊन सोडावा. तो जितका वेळ खरखर न करता झुलत राहील तितकी आस आणि बेअरिंग चांगली. मग बीटरची दांडी धरून डावी-उजवीकडे हलवावी आणि टाचेकडच्या बिजागरीलाही तसेच हलवून पाहावे. तिथे आडवा खेळ असेल तर किंमत कितीही असो, ते पेडल ठेवून द्यावे. वापरलेले पेडल घेत असाल तर स्प्रिंग अडकवायचा आकडा (हुक) झिजलेला नाही ना आणि शिकंजाचा रबर शाबूत आहे ना, हेही पाहावे. दोन्ही गोष्टी थोडक्या पैशांत बदलता येतात, पण तेवढे पैसे किमतीतून आधीच कमी करून मागता येतात.