कानातली नागीण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही सडेतोड लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं, की नागीण कमरेला नाहीतर बरगड्यांवर निघते, कानातल्या नागिणीबद्दल लिहून मी लोकांना उगाच घाबरवतो. तुमच्या गावात गेरूच्या लेपानं ती हमखास बरी होते, लेपामुळेच तिची दोन टोकं जुळत नाहीत.

बरी होते, वादच नाही. लेप लावा, मंत्र घाला, नाहीतर काहीच करू नका. दोन ते चार आठवड्यांत खपली धरतेच. (मागे महिनोन्‌महिने आग होत राहते काहींना, ती लेपवाल्याच्या हिशेबात येत नाही.) आणि टोकांचं म्हणाल तर डाव्या-उजव्या बाजूच्या नसा वेगवेगळ्या असतात. एका नसेतली नागीण मध्यावर थांबते, गेरू असो वा नसो.

नागीण उठवणारा विषाणू कांजिण्यांचाच. कांजिण्या गेल्या तरी तो नसांच्या गाठींमध्ये दडून राहतो, आणि चेहरा हलवणाऱ्या नसेचीही अशी गाठ कानाजवळच्या हाडात असते. तिथं तो उठला की काय होतं, हे रॅमसे हंट या अमेरिकन डॉक्टरांनी १९०७ मध्येच लिहून ठेवलंय.

आधी कान ठणकतो. मळ असेल म्हणून घरात तेल सोडतात. मग कानाच्या वाटीत, भोकाच्या तोंडाशी मोहरीएवढे पाणेरी फोड येतात; बॅटरी मारून पाहिल्याशिवाय ते दिसतही नाहीत. एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एकाच कोपऱ्यातून गळतं, त्या बाजूचा डोळा मिटत नाही. घरचे म्हणतात, वारं गेलं. ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची नस शेजारूनच जाते, त्यामुळे काहींना चक्करही येते.

चेहऱ्याची नस हाडातल्या अरुंद वाटेनं जाते, सुजली की तिथंच आवळते. त्यामुळे इथं पंधरा दिवस वाट पाहणं परवडत नाही. जपानमध्ये ८० रुग्णांचा अभ्यास झाला, १९९७ मध्ये तो छापून आला. विषाणूविरोधी औषध आणि सूज उतरवणारं स्टेरॉइड तीन दिवसांच्या आत सुरू झालेल्यांपैकी ७५ टक्क्यांचा चेहरा पूर्ववत झाला. सात दिवसांनंतर सुरू केलेल्यांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास.

तेव्हा तोंड वाकडं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो मेंदूचा झटकाही असू शकतो. डॉक्टरांना कानात बघायला आवर्जून सांगा. उघड्या राहणाऱ्या डोळ्यात त्यांनी दिलेले थेंब घाला, रात्री पापणी चिकटपट्टीनं कशी मिटवायची तेही विचारून घ्या; बुबुळ कोरडं पडलं तर नजरेवर बेततं.