मामांनी भूत दुरुस्त केलं

काल रात्री माझ्याच घरात, माझ्याच टीव्हीवर, मी लावलेला सिनेमा मामांनी दुरुस्त केला. तो बिघडलेला नव्हता, एवढंच माझं म्हणणं आहे.

सगळे झोपल्यावर मी 'स्किनामरिंक' हा भयपट लावला होता. २०२२ चा. दिग्दर्शकाने कॅनडातल्या एडमंटनमधल्या आपल्या लहानपणच्या घरातच, साधारण १५ हजार डॉलरमध्ये उरकलेला. रात्रीची वेळ, दोन लहान मुलं, आणि घराची दारं-खिडक्या नाहीशा होतात. पडद्यावर बराच वेळ भिंतीचा कोपरा, छताचा तुकडा आणि खरखरीत अंधार. मी त्या अंधारात डोळे फाडून बसलो असताना मागून आवाज आला,

"सिग्नल गेलाय."

झोप येत नाही म्हणून मामा उठून आले होते.

"नाही मामा, सिनेमाच असा आहे."

"असा म्हणजे? मुंग्या आल्यात बघ."

"त्या मुद्दाम घातल्यात."

मामा खुर्ची ओढून बसले. "मुद्दाम? अरे, मुंग्या घालवायला आम्ही अँटेना फिरवत उभे राहायचो, आणि हा गृहस्थ त्या विकत घेतो?"

मी आवाज वाढवला. सिनेमात तेव्हा कोणी बोलतच नव्हतं, त्यामुळे उपयोग झाला नाही.

"कॅमेरा पडलाय का रे त्याचा? मघापासून छत दाखवतोय."

"तसंच आहे ते."

"माणसं कुठायत?"

"पाय दिसतात अधूनमधून."

"का? चेहरे परवडले नाहीत?"

यावर मला राग आला, कारण उत्तर जवळजवळ 'हो' असंच आहे. या कमी पैशातल्या भयपटांची सगळी गंमत न परवडण्यातच असते. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं. चित्रपट कृष्णधवल, कोणाला कळणार? (शिवाय ऐनवेळी नाव बदलताना वितरकांकडून कॉपीराइटची ओळच गळली आणि सिनेमा फुकटात सगळ्यांचा झाला. भुतांपेक्षा मला हीच गोष्ट जास्त भीतिदायक वाटते.) १९७८ च्या 'हॅलोविन'मधला खुनी तर 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा बाजारू मुखवटा पांढरा रंगवून फिरतो. हे मी मामांना मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"म्हणजे चॉकलेट सांडलंय आणि तू घाबरतोस," मामा म्हणाले.

आता यांना काय सांगायचं? पैसेवाल्या सिनेमातलं भूत संगीत वाजल्यावर येतं, दात मोजून घ्या म्हणत तोंडासमोर उभं राहतं. एवढा खर्च केलाय तर दाखवायलाच हवं ना! गरीब दिग्दर्शकाकडे दाखवायला भूतच नसतं. तो नुसतं अर्धवट उघडं दार दाखवतो आणि बाकीचं काम आपल्यावर ढकलतो. आपण ते बिनपगारी करतो, जीव ओतून करतो. पण हे घरात कोणाला पटत नाही. मालिकेत एकाच सुनेचा चेहरा तीनदा दचकून दाखवतात ते चालतं, मी दहा मिनिटं एक दार बघितलं की "बरं वाटतंय ना तुला?" अशी चौकशी होते. आधी हसायचो. हल्ली लागतं.

तर, कोपऱ्यात कोणीतरी उभं होतं. मला खांदा दिसत होता, नक्की दिसत होता. मी श्वास धरला. आणि मामांनी रिमोट उचलला.

एरवी त्यांना आवाज कमी करायचं बटण सापडत नाही. काल मात्र थेट ब्राइटनेसपर्यंत पोचले आणि बटण दाबून धरलं. अंधाराची राख झाली. खांदा विरघळला. मागे उरली भिंत. साधी, किंचित मळकी भिंत.

"बघ," मामा मायेने म्हणाले, "काही नाहीये तिथे."

मग पाचव्या मिनिटाला ते खुर्चीतच घोरायला लागले. मी त्या राखाडी भिंतीकडे बघत सिनेमा संपवला. कशालाच घाबरलो नाही.

सकाळी उठलो तर मामा बातम्या बघत होते. निवेदिकेचा चेहरा पांढराफटक, नाक जवळजवळ गायब, फक्त डोळे आणि ओठ हलत होते. मी दारातच दचकलो.

"आता कसं स्वच्छ दिसतंय," मामा म्हणाले.