‘मुलांना कसलं आलंय डिप्रेशन?’

सध्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘लहान मुलांना डिप्रेशन नसतं. लाड आणि मोबाइल बंद करा, पोर आठवड्यात ताळ्यावर येईल. उगाच विषय काढून त्याच्या डोक्यात काही भरवू नका. डॉक्टरकडे नेलंत तर जन्मभर गोळ्या.’ मी परळच्या एका शाळेत समुपदेशक आहे. या मेसेजमुळे एखादं मूल आणखी काही महिने मुकाट सोसत राहील, याची मला भीती वाटते.

डिप्रेशन शाळकरी वयातही होतं. ते चटकन ओळखू येत नाही, कारण आपण रडवेला चेहरा शोधतो. मुलांमध्ये उदासीऐवजी चिडचिडच पुढे येऊ शकते. निदानाच्या निकषांतही तसं नमूद आहे. सातवीतला एक मुलगा पहिल्याच तासाला पोट धरून बसायचा. सोनोग्राफी नॉर्मल. “नाटकं करतो, मॅडम,” असं आई वैतागून म्हणाली. पण डबा न उघडता परत जात होता, गल्लीतलं क्रिकेट सुटलं होतं, रात्री झोप नव्हती, आणि धाकट्याने रिमोट घेतला तरी हा अंगावर धावून जायचा. एकेकटं पाहिलं तर यातलं काहीही ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देता येतं. हे सगळं एकत्र, दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर दाखवायलाच हवं. अशा वेळी दोन फटके दिले की मूल बोलायचंच बंद होतं.

मोबाइलचं म्हणाल तर रात्रीचं जागरण नक्कीच वाईट. पण मित्रांपासून तुटलेलं मूल मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतं, हेही तितकंच खरं. फोन काढून घेतल्यावर त्याच्याशी बोलणार कोण, ते आधी ठरवा.

विषय काढल्याने डोक्यात भरतं, हा या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. “जगूच नये असं वाटतं का रे तुला?” असं शांतपणे विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही; उलट, मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, एकटं सोडू नका, घरातली औषधं, फिनेल, ब्लेड हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि गोळ्या? सौम्य त्रासात सहसा आधी समुपदेशन असतं. लागल्याच तर डिप्रेशनच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. बरं वाटल्यावरही काही महिने घेऊन त्या डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू थांबवतात. मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र मुलावर बारीक लक्ष हवं, कारण काही मुलांमध्ये तेव्हा आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

खासगी डॉक्टर परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत; केसपेपर काढून दाखवता येतं. रात्री-अपरात्री १४४१६ या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.