विद्यापीठाची मेन बिल्डिंग पेशव्यांचा वाडा नव्हे

आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी तोच फॉरवर्ड तिसऱ्यांदा टाकला आणि खाली नेहमीप्रमाणे जोडलेल्या हातांची रांग लागली. मजकूर थोडक्यात असा: पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे गणेशखिंडीतली पेशव्यांची हवेली. १८१८ साली इंग्रजांनी ती बळकावून वर गॉथिक मनोरा चढवला. गव्हर्नर उन्हाळ्यात तिथे राहायला यायचा. खालून शनिवारवाड्यापर्यंत भुयार आहे. याच इमारतीच्या पायऱ्यांवर चाफेकरांनी रँडला गोळी घातली. आणि जाताना साहेबाने ती विद्यापीठाला दान दिली.

एवढ्या मजकुरात दोन-तीन वाक्यंच काय ती अर्धी खरी आहेत. ती कोणती, ते ओघात येईलच.

आधी वाड्याचं बघू. ('हवेली' शब्दावरच मला शंका आली होती. पुण्यात हवेली म्हटलं की तालुका आठवतो, पेशवे राहायचे ते वाड्यात.) पेशवाई वाडा म्हणजे मधे चौक, भोवती सोपे, सागवानी खांब-तुळया, खालचा थर दगडी आणि वरचे मजले विटा-लाकडाचे. शनिवारवाड्याला १८२८ साली आग लागली तेव्हा वरचं सगळं जळालं आणि जोती, तट नि दरवाजे उरले, ते त्यामुळेच. मेन बिल्डिंगच्या हिरवळीवर उभं राहून पाहा: काळा दगड वरपर्यंत चढलेला, खाली-वर कमानींच्या ओळीने जाणारे व्हरांडे, लांबट पसरलेले दोन भाग आणि त्यांतून वर निघालेला चौकोनी मनोरा. हा मनोरा नंतर कुणी चढवलेला नाही. नकाशात तो पहिल्यापासून होता.

ही इमारत बांधली ती मुंबईच्या गव्हर्नराचं पुण्यातलं निवासस्थान, म्हणजे गव्हर्नमेंट हाऊस, म्हणून. नकाशा काढला जेम्स ट्रबशॉ याने. मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडायला जी समिती नेमली होती, तिचा हा आर्किटेक्ट. हुतात्मा चौकाजवळची जुनी तार कचेरीही त्याच्याच हातची. गणेशखिंडीचं काम १८६४ ला सुरू झालं आणि १८७१ ला संपलं. शेवटचा बाजीराव पेशवा जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाला १८१८ च्या जूनमध्ये. म्हणजे पाया खणेपर्यंत पेशवाई जाऊन शेहेचाळीस वर्षं झाली होती.

माल्कमचं नाव इथे उगाच घेतलं नाही. हाच माल्कम पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याने दापोडीला कॅप्टन फोर्डचा बंगला बागेसकट सरकारसाठी घेतला. पुण्यातलं आधीचं गव्हर्नमेंट हाऊस ते. बळकावलेल्या वाड्याची कुणाला खरंच हौस असेल तर निदान दापोडीचं नाव घ्यावं, पण तोही बंगला इंग्रजाकडून इंग्रजानेच घेतलेला.

मग गणेशखिंडीत इतका मोठा प्रासाद बांधायला पैसा कुठून आला? माझ्या मते या इमारतीची खरी गोष्ट इथे आहे आणि फॉरवर्डमध्ये तिचा मागमूस नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, शेअरचा जुगार सुरू झाला. गव्हर्नर होते सर बार्टल फ्रिअर, मोठी कामं काढायची हौस असलेले. तट पाडा, रस्ते काढा, इमारती उठवा, असा तो काळ. गणेशखिंडीचं काम त्याच लाटेवर निघालं. अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि १ जुलै १८६५ ला मुंबईचा फुगा फुटला. बँका बसल्या, पण गणेशखिंडीतले गवंडी काही थांबले नाहीत. खर्च इतका वाढला की पुढे थेट इंग्लंडच्या संसदेत त्यावरून ताशेरे झडले. फ्रिअर १८६७ लाच परतले होते. इमारत पुरी झाली ती त्यांच्यानंतरचे गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांच्या काळात.

पेशव्यांचा या जागेशी संबंधच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई याच गणेशखिंडीच्या माळावर झाली. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इथे लढत होते, सरदार मोरो दीक्षित इथे पडले आणि बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. वाडा नव्हता, रणभूमी होती.

'गॉथिक' हे चुकून पडलेलं लेबल. गॉथिक कमान वर टोकदार असते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पाहा, तो गॉथिक. इथल्या कमानी अर्धगोल आहेत. वळण इटालियन, व्हिक्टोरिया राणीचा आयल ऑफ वाइटवरचा ऑस्बोर्न प्रासाद ज्या घाटाचा, तोच घाट.

आता भुयार. इमारतीखाली भुयारी वाट आहे, यात खोटं काही नाही. पण शनिवारवाडा तिथून पाच-सहा किलोमीटरवर, आणि मधे मुठा आडवी. नदीच्या पात्राखालून भुयार नेण्याचा खटाटोप गव्हर्नराने कशासाठी करावा? शनिवारवाड्याकडे जमिनीखालून येणारं काहीतरी खरोखर होतं, ते म्हणजे नानासाहेबांच्या काळातला कात्रजचा नळ. पाण्याचा, आणि बरोबर उलट्या दिशेने आलेला. पुण्यातल्या निम्म्या भुयारकथा त्या नळातूनच वाहत आल्या असाव्यात.

रँडच्या वाक्याला अर्धे मार्क. २२ जून १८९७ ला याच इमारतीत राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ होता आणि प्लेग कमिशनर रँड तिथूनच परतत होता. गोळी मात्र पायऱ्यांवर नाही, गणेशखिंड रस्त्यावर चालत्या गाडीत लागली. दामोदर चाफेकर गाडीमागे पळत गेले, 'गोंद्या आला रे आला' ही खुणेची हाक दिली, मागून चढले आणि पडदा सारून गोळी झाडली. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट दामोदरांचे भाऊ बाळकृष्ण यांच्या गोळीने जागीच मेला. रँड ३ जुलैला इस्पितळात मेला. पायऱ्यांवर पहाऱ्यातल्या शिपायांच्या देखत हे जमलं असतं का, याचा विचार फॉरवर्ड लिहिणाऱ्याने करायला हवा होता.

दानाचं थोडक्यात. विद्यापीठाचा कायदा मुंबई विधिमंडळाने १९४८ ला केला, म्हणजे साहेब गेल्यानंतर. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. ४११ एकरांची ही जागा दिली ती बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने. दान म्हणायचंच तर ते आपलंच आपल्याला.

राहिला उन्हाळा. काकांना मी एवढंच विचारलं, मे महिन्यात गणेशखिंडीत राहून बघितलंय का? गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचा. पुण्याला यायचा तो मुंबईच्या पावसाला कंटाळून, जूनमध्ये. रँड जूनच्या रात्री तिथे का होता, तेही यातून कळतं. काकांनी अंगठा पाठवला. दुपारी तोच फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर आला, पाठवणारे काकाच.